गाडीचे पाचवे चाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी कोणी पाककृतीवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर. मला अध्यक्षबाईंनी विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "टायरवर." त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "बोला, घरोघरी गाड्या झाल्या आहेत." मी सातवी पास झालेली बाई. गाडी चालवता येत नाही. पण गाडीच्या चाकांचा खर्च माझ्या डब्यातून होतो आणि त्या डब्याने मला गेल्या वर्षी एक धडा दिला, तो तुमच्यापुढे ठेवते.

आमच्याकडे जुनी आल्टो आहे. 2017 सालची, ह्यांनी 2022 मध्ये दुसऱ्याकडून घेतली. तळोद्यात गाडीचे तसे काही काम नाही. पण माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त धडगावला राहतात, तेव्हा महिन्यातून दोन-तीनदा कोठारवरून चांदसैलीचा घाट चढावा लागतो. तो घाट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. 2021 च्या सप्टेंबरात दरड कोसळून तो बंद झाला होता, तेव्हा एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन पायी वाट धरली आणि ती माऊली वाटेतच गेली. ती बातमी वाचून मी रडले होते. तरीसुद्धा पुढे जे झाले ते झाले.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात, हे म्हणाले, "अगं, मागचे दोन टायर घासले आहेत. पावसाआधी बदलावे म्हणतो." मी अंगणात जाऊन पाहिले. नक्षी दिसत होती. थोडी पुसट, पण दिसत होती. त्या वेळी डब्यात सात हजार होते आणि ते मी भाचीच्या लग्नाच्या आहेरासाठी बाजूला ठेवले होते. मी म्हटले, "अहो, अजून नक्षी आहे की. दिवाळीपर्यंत चालेल." सासूबाईही ओट्यावरून म्हणाल्या, "चाक शे तवर चालाडा. कशाले इतला खर्च?" त्यांच्यावर बोट ठेवत नाही. पैसे माझ्या हाती होते आणि नकार माझा होता.

जुलैत माझ्या धाकट्या जावेला आठवा महिना होता. पायांवर सूज आली, डोके दुखू लागले. धडगावच्या डॉक्टरांनी सांगितले, रक्तदाब वाढला आहे, नंदुरबारला न्या, उशीर करू नका. एक रुग्णवाहिका होती ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. दिरांचा फोन आला आणि हे नि मी निघालो. जाताना काही झाले नाही. येताना, तिन्हीसांजेला, घाटात धुके उतरलेले, वरून पाऊस, रस्त्यावर डोंगरातून वाहून आलेली खडी. एका वळणावर गाडीचा मागचा भाग हलकेच दरीकडे सरकला. फार नाही, हातभर असेल. पण मागे मी जावेचे डोके मांडीवर घेऊन बसले होते, माझ्या पोटात गोळा आला. ह्यांनी गाडी सावरली. त्यानंतर फर्लांगभरसुद्धा गेलो नसू, मागचे डावे चाक एका धारदार दगडावर गेले आणि टायर बाजूने चिरला.

हे उतरले, डिकीतून स्टेपनी काढली, जमिनीवर टाकली. एरवी स्टेपनी टाकली की टप्पा खाते. ही धपकन पडली आणि पडूनच राहिली. आत हवा नव्हती. गाडी घेतल्यापासून तीन वर्षांत कोणी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. फोनला रेंज नाही. त्या घाटात आम्ही दीड तास बसलो. जाऊ एक शब्द बोलली नाही, फक्त माझा हात घट्ट धरून होती. मी मनात मे महिन्यातला तो डबा मोजत होते.

शेवटी धडगावकडून एक प्रवासी जीप आली. गच्च भरलेली होती, तरी पुढच्या सीटवरचे दोघे आपण होऊन खाली उतरले आणि पावसात आमच्या ह्यांच्याजवळ थांबले, जावेला जागा दिली. मी मागे लटकत गेले. त्या रात्री नंदुरबारला बाळ झाले, वेळेआधी, मुलगी. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. आज ती इथेच, त्या खांबापाशी, रांगते आहे आणि कोणाच्या तरी चपला चघळते आहे. जावेने आजवर मला त्या टायरांबद्दल एका अक्षराने विचारलेले नाही.

आता मुद्द्यावर येते.

आमच्या गल्लीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक मेकॅनिक काका आहेत. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणल्यावर त्यांनी तो चिरलेला टायर उलटा-सुलटा करून पाहिला आणि मला जवळ बोलावले. म्हणाले, "ताई, तुम्ही नक्षी पाहिली, पण कुठवर पाहिली?" टायरच्या खाचांच्या तळाशी मधून मधून छोटे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे कळावे म्हणून टायरच्या कडेवर बारीक त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय अशी अक्षरे असतात. हा उंचवटा 1.6 मिलिमीटरचा. नक्षी झिजत झिजत त्याच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले. काका म्हणाले, "कोरड्या रस्त्यावर तो चालल्यासारखा वाटेल. पण खाच कशासाठी असते? पाणी बाहेर टाकायला. खाच उथळ झाली की पाणी चाकाखालीच राहते आणि चाक त्या पाण्यावर तरंगते." म्हणून पावसाळ्याआधी खाच 3 मिलिमीटरच्या आत आली असेल तर उंचवट्याची वाट पाहू नये. आपल्या अंगणात उतरत्या पन्हळी असतात, त्या बुजल्या की पहिल्या सरीलाच ओटीवर पाणी येते, तसेच हे.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती टायरच्या वयाची. कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. एका बाजूला नसले तर दुसऱ्या बाजूला पाहावेत. आमच्या मागच्या टायरवर 1419 होते. म्हणजे 2019 सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला. पुढचे दोन्ही 2022 चे निघाले, आधीच्या मालकाने घातलेले, त्यांची नक्षी चांगली होती. आणि स्टेपनी? ती 2017 ची. कधी जमिनीला लागली नाही, नक्षी नव्या नवरीसारखी, पण कडेला बारीक बारीक भेगा. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो काढून टाकावा, असे टायर बनवणारे स्वतःच सांगतात. आमच्या मेच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचा टायर त्याहून लवकर थकतो असे काकांचे मत.

मग प्रश्न आला पैशांचा. आहेर दिलेला होता, दवाखान्यात खर्च झालेला होता. हे म्हणाले, जुने टायर मिळतात, निम्म्या किमतीत, पाहून येऊ. गेलो. गावाचे नि दुकानाचे नाव सांगत नाही. तिथे टायरांची उतरंड लावलेली, सगळे काळेभोर, चकचकीत. मला एकदम नंदुरबारच्या मिरचीची आठवण झाली. आपण सगळ्या वर्षाची मिरची भरणाऱ्या बायका. ढिगातली मिरची फार चमकायला लागली की आपण काय करतो? हात चोळून बघतो, तेल लागते का. देठ बघतो, मोडून बघतो, हुंगतो. मी टायरवर बोट फिरवले, बोट काळे झाले. पॉलिश होते. खाच चांगली खोल दिसत होती, म्हणून मी त्रिकोण शोधून त्याच्या समोरची खाच पाहिली, तर तळाला उंचवटाच नाही! झिजलेल्या टायरला तापल्या पात्याने नव्या खाचा पाडल्या होत्या. वरून खोल दिसते, पण आतले रबर पातळ होऊन तारा जवळ आलेल्या असतात. मी दुकानदाराला विचारले, "भाऊ, ह्याचा उंचवटा कुठे गेला?" तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग ह्यांच्याकडे वळून बोलू लागला. आम्ही परतलो. ट्रकच्या टायरांवर रबर चढवतात तो रीतसर धंदा आहे आणि चांगल्या ठिकाणी तो चांगला होतो. पण छोट्या गाडीच्या टायरला पात्याने खाचा पाडणे ही फसवणूक आहे, घरातली माणसे घेऊन घाट चढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

नवेच घ्यायचे ठरले. आता किती? दुसऱ्या दुकानात म्हणाले, चारही बदला, मग म्हणाले, गाडीत नायट्रोजन भरा. काका बरोबर आले होते. ते म्हणाले, आपल्या साध्या हवेतच शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन असतो, तो फुकट आहे. आम्ही दोनच टायर घेतले. टायरवर आकडे असतात, आमच्या गाडीला 145/80 आर 12. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ऐंशी इतकी कडेची उंची. शेवटचा, आतल्या लोखंडी डिस्कचा व्यास, इंचांत. त्याच्या पुढे 74 असा आकडा होता, तो एका चाकाने किती वजन पेलावे त्याचा, 74 म्हणजे 375 किलो. आपल्या गाडीला जो आकार लिहिला आहे तोच घ्यावा आणि वजनाचा आकडा कमी घेऊ नये, मग कितीही स्वस्त पडो. आयएसआय मार्क पाहावा. आणि नवा म्हणून देतात त्याचीही तारीख पाहावी. पहिल्यांदा आम्हांला काढून दिला तो तीन वर्षे कपाटात पडलेला होता. मी चार आकडे वाचून दाखवले तेव्हा आतून दुसरा आला. बायकांनो, तांदूळ जुना घ्यावा, टायर नवा.

दुकानदार म्हणाला, नवे दोन्ही पुढे घालतो, इंजिन पुढे आहे. बहुतेकांना तेच बरोबर वाटते, मलाही वाटले. काका म्हणाले, नवे मागे घाला. पुढचे चाक घसरले तर चालवणाऱ्याच्या हाताला ते कळते, तो पाय काढतो, गाडी हळू होते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मोठमोठे टायर कारखानेही हेच सांगतात. मला पुरावा नको होता. तो हातभर सरकलेला मागचा भाग मला अजून स्वप्नात येतो.

खर्च सांगते, कारण आपल्या मंडळात हिशेबाशिवाय बोललेले कोणाला पटत नाही. दोन टायर, प्रत्येकी 2,816 रुपये, म्हणजे 5,632. अलाइनमेंट व बॅलन्सिंगचे 500. जुन्या स्टेपनीचा व्हॉल्व्ह गळत होता, तो बदलण्याचे 60. त्या स्टेपनीवर फक्त गावात फिरायचे, घाटात जायचे नाही, असे मी ह्यांना बजावले. पुढे 22 सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. आम्ही तोवर थांबलो होतो. तोच टायर 2,596 ला मिळाला, 220 रुपये वाचले. तो स्टेपनीसाठी. जुन्या स्टेपनीची डिस्क वाकलेली व गंजलेली होती, म्हणून भंगारवाल्याकडून त्याच मापाची सरळ डिस्क 700 रुपयांना घेतली. घेताना जमिनीवर फिरवून पाहिली, डगमगते का, आणि नटांची भोके आपल्या गाडीच्या डिस्कवर ठेवून जुळवून पाहिली. हवा मोजायचे गेज 250. एकूण 9,738 रुपये. चार टायर एकदम घातले असते तर नुसत्या टायरांचेच अकरा हजारांवर गेले असते, आणि स्टेपनी तशीच राहिली असती.

ह्या स्टेपनी शब्दाची एक गंमत आहे. वेल्समध्ये लानेली म्हणून गाव आहे. तिथल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दोन डेव्हिस बंधूंनी 1904 साली मोटारीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक मिळतच नसे. तो रस्ता कुठल्या कुठे, आणि आपल्याकडे धडगावच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी तेच नाव. आता चक्र उलटे फिरते आहे. 2020 पासून आपल्याकडे नियम असा झाला आहे की टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाल्याचे दाखवणारे यंत्र असेल आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य दिलेले असेल, तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. शहरात चालत असेल. खिळा शिरला तर त्या साहित्याने भोक बुजते. पण दगडाने टायर कडेला चिरला तर त्या बाटलीतल्या औषधाचा काही उपयोग नाही. तेव्हा कोणाच्या घरी नवी गाडी घेण्याचे चालले असेल तर रंग नंतर पाहा, आधी डिकी उघडून विचारा, स्टेपनी आहे का. नसेल तर तिचे पैसे हिशेबात धरा.

माझी एक भाची कॅनडात क्वेबेक प्रांतात असते. तिला हे सगळे फोनवर सांगितले तर म्हणाली, "मावशी, इथे तर थंडीचे टायर वेगळे असतात." तिथे 2008 पासून कायदाच आहे. आता 1 डिसेंबर ते 15 मार्च गाडीला थंडीचेच टायर हवेत, त्यावर डोंगर आणि हिमकणाचे चित्र असते. साधे रबर सात अंशांखाली कडक होऊन धरत नाही, ते मऊ राहते म्हणे. मला वाटले, केवढा खर्च! पण तीही काटकसरीच आईची मुलगी. तिने चार जादा डिस्क एकदाच घेऊन ठेवल्या, त्यामुळे दर मोसमाला टायर डिस्कवरून काढण्या-चढवण्याची मजुरी वाचते, नुसती चाके बदलली की झाले. आणि एक जोडी वापरात असते तेव्हा दुसरी झिजत नाही. न वापरातली चाके ती तळघरात, अंधारात, झाकून ठेवते. आपल्या डाबला नि तोरणमाळला एखाद्या हिवाळ्यात दव गोठते, पेपरात फोटो येतो, पण तेवढ्यासाठी आपल्याला असले टायर नकोत. उलट आपल्या उन्हात ते मऊ रबर लवकर झिजेल. आपला बर्फ म्हणजे आषाढातला चिखल. पैसे तिथे घालावेत.

आणखी थोडे सांगते, मग बसते. नवे चाक दुकानात यंत्राने आवळतात, ते घरच्या पान्ह्याने सुटत नाही. आम्ही घरी आणून अंगणात एकदा सोडवून पाहिले, तेव्हा कळले की डिकीतला पान्हा तोकडा आहे. ह्यांनी त्यावर घालायला लोखंडी नळीचा तुकडा आणला. नट आधी सैल करावेत, चाक जमिनीवर असताना, मग जॅक लावावा. दुसऱ्या चाकाला दगडाची उटी द्यावी. चिखलात जॅक रुततो, म्हणून मी डिकीत एक जुना पाट ठेवला आहे. सासूबाई म्हणतात, गाडीत जेवायला बसणार का? नट बसवताना एकाच्या शेजारचा न आवळता समोरचा आवळावा. हे सगळे मी नि माझ्या मुलीने केले आहे, दोनदा. पहिल्यांदा पाऊण तास लागला, दुसऱ्यांदा पंचवीस मिनिटे.

हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. गाडी उभी राहून थंड झाल्यावर मोजावी. मी दर अमावास्येला मोजते, चार चाकांची नि पाचव्याची, आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. पाचव्याची आधी, कारण ती विसरते.

ते गेज माझ्या घरी आहे. ज्यांना हवे त्यांनी घेऊन जावे, फक्त वहीत नाव लिहून न्यावे. मार्गशीर्षात कोणीतरी नेले ते संक्रांतीनंतर परत आले, आणि त्यावर हळदीची बोटे होती.